रेटिंग बघून घर घ्यायचं, तर मुलाचं काय?

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यात बाणेरला राहतो. माझ्या नवऱ्याला त्याची कंपनी ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत, प्रिन्स्टनजवळच्या ऑफिसात पाठवतेय. निदान तीन वर्षं तरी तिथे राहावं लागेल. मुलाची आत्ताच सातवी झाली, मुलीची दुसरी. माझे दीर बरीच वर्षं एडिसनला आहेत. त्यांनी निक्षून सांगितलंय की वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांच्या हद्दीच्या, बाहेर घर बघूच नका. तिथलं दोन बेडरूमचं भाडं ऐकून छाती दडपते. शेजारच्या ईस्ट विंडसरला त्याच पैशांत एक खोली जास्त मिळतेय, पण तिथल्या शाळांचं रेटिंग कमी दिसतं. माझी खरी भीती मात्र वेगळी आहे. मुलगा गणितात मध्यम आहे, बुजरा आहे, तबला तेवढा जीव ओतून वाजवतो. तिथल्या हुशार मुलांच्या गर्दीत तो दबून जाईल असं सारखं वाटतं. नवरा म्हणतो, चांगल्या मुलांत राहिला की आपोआप पुढे जाईल. कुणाचं ऐकू?
— एक आई, बाणेर

उत्तर :

तुमच्या दिरांनी सांगितलं ते खोटं नाही. त्या भागातल्या कुठल्याही भारतीय घरात विचारलंत तरी हेच सांगतील. तुमची भीतीही खोटी नाही, आणि गंमत म्हणजे ती खुद्द त्या डिस्ट्रिक्टनेच एकदा जाहीरपणे बोलून दाखवली आहे. त्याकडे येतेच. मला पटलं नाही ते तुमच्या यजमानांच्या वाक्यातलं ‘आपोआप’.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू, कारण आपल्याकडे याला जोड नाही. आपण शाळा निवडतो आणि मग रिक्षा किंवा बस लावतो. तिथे आपण घर निवडतो आणि घराबरोबर शाळा येते. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो ही दोन वेगवेगळ्या काउंटींमधली (आपल्या जिल्ह्यांसारखी) शेजारची गावं, म्हणजे टाउनशिप. १९६९ साली त्यांनी मिळून एक शाळा-डिस्ट्रिक्ट केलं. तेव्हा तिथे शेतं होती. प्लेन्सबरोला वॉकर-गॉर्डन नावाची मोठी डेअरी होती आणि १९३० पासून तिथे फिरत्या चौथऱ्यावर एका वेळी पन्नास गाईंचं दूध काढलं जायचं. अमेरिकेत घराघरात ठाऊक असलेली जाहिरातीतली एल्सी गायही याच गोठ्यात राहिलेली. सत्तरच्या दशकात डेअरी बंद झाली, रूट १ या महामार्गाच्या कडेने ऑफिसं उभी राहिली आणि फॉक्स रन, हंटर्स ग्लेन अशा भाड्याच्या वसाहती आल्या. आयटी आणि औषध कंपन्यांसाठी आलेली आपली माणसं पहिलं बिऱ्हाड बहुधा अशाच वसाहतींत थाटत आली आहेत. १९७३ ला पहिलं हायस्कूल सुरू झालं, आज त्याला साउथ म्हणतात. मुलं इतकी वाढली की १९९७ ला प्लेन्सबरोत दुसरं काढावं लागलं, ते नॉर्थ. आज तिथे शाळा दहा आहेत आणि मुलं साडेनऊ हजारांच्या आसपास.

या शाळा सरकारी आहेत. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, डोनेशन नाही. तुमचा पत्ता त्या हद्दीतला असला की तुमच्या मुलाला घ्यावंच लागतं, आणि व्हिसा कुठला हे शाळेला विचारता येत नाही. पैसा मुख्यतः घरपट्टीतून येतो. न्यू जर्सीची घरपट्टी अमेरिकेत सगळ्यात जास्त आहे, २०२३ साली सरासरी बिल ९,८०० डॉलरच्या आसपास होतं आणि त्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा शाळांकडे जातो. तुम्ही भाड्याने राहिलात तरी हा बोजा भाड्यातून तुमच्यावर येतोच. छाती दडपवणारा आकडा आहे त्याचं एक कारण हे.

याची दुसरी बाजूही तुमच्या कानावर घालते. घरपट्टीवर शाळा चालवायची म्हटलं की महागड्या घरांच्या गावाला चांगल्या शाळा आणि गरीब गावाला पडक्या, हे ओघाने आलंच. तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत राज्याची राजधानी ट्रेंटन आहे. ट्रेंटनसारख्या शहरांतल्या मुलांसाठी ‘ॲबट विरुद्ध बर्क’ हा खटला वर्षानुवर्षं चालला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं की या गरीब डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा मिळालाच पाहिजे. तुम्ही ज्या रेषेच्या आत जायचं ठरवताय ती रेषा कशाने आखली गेली हे माहीत असलेलं बरं. मुलांनाही कधीतरी सांगा.

आता रेटिंग. घरं शोधायच्या साइटवर प्रत्येक शाळेपुढे दहापैकी जो आकडा दिसतो, तो ठरवताना परीक्षांच्या निकालांना मोठं वजन असतं, आणि परीक्षांचे निकाल आईबापांचं शिक्षण आणि उत्पन्न यांच्या पाठोपाठ चालतात. पीएचडी झालेल्या आईबापांची मुलं एका शाळेत गोळा झाली तर त्या शाळेचा आकडा वर जाणारच. त्यात शिक्षकांचा वाटा किती आणि घरचा किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणजे ईस्ट विंडसरचा आकडा कमी दिसला म्हणून तिथे कमी शिकवतात असा अर्थ निघत नाही. तिथे वेगवेगळ्या परिस्थितीतली, घरी स्पॅनिश बोलणारी बरीच मुलं आहेत, आणि त्या आकड्यात हेही मिसळलेलं आहे.

तुम्हाला खरंच तुलना करायची असेल तर राज्याच्या शिक्षण खात्याचे ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ उघडा. ते दरवर्षी प्रत्येक शाळेचे निघतात आणि कुणालाही बघता येतात. त्यात नुसत्या गुणांकडे बघू नका. ‘स्टुडंट ग्रोथ’ नावाचा भाग असतो. आधीच्या वर्षी साधारण तितकेच गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं वर्षभरात किती पुढे सरकली, हे तिथे कळतं. मध्यम मुलाच्या आईने बघायचा आकडा तो आहे. जोडीला सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाणही बघा. मुलांना शाळेत यावंसं वाटतंय का, याचा थोडा अंदाज त्यावरून येतो.

आता तुमच्या भीतीबद्दल.

२०१५ साली या डिस्ट्रिक्टचे सुपरिटेंडंट, म्हणजे सगळ्या शाळांचे प्रमुख अधिकारी, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं. आधीच्या एका शालेय वर्षात मिडल आणि हायस्कूलमधल्या १२० मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं, चाळीस जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. डिस्ट्रिक्टने मुलांकडून सर्वेक्षण भरून घेतलं, त्यात शाळेत यायचा तिटकारा वाटतो असं मुलांनी लिहिलं. बारा वर्षांत इथे एकच गोष्ट शिकलो, की गुणापुढे दुसरं काही महत्त्वाचं नसतं, अशा अर्थाचंही एकाने लिहिलं. ही सगळी त्या वरच्या रेटिंगच्याच शाळांमधली मुलं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं उत्तम चाललंय असं दिसत होतं.

त्यांनी नुसतं पत्र लिहिलं नाही. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या. काही रात्री गृहपाठाशिवायच्या ठरवल्या. चौथीपासून सुरू होणारा वेगवान गणिताचा वर्ग सहावीपासून ठेवायचं ठरवलं. आणि एक गोष्ट तुमच्या मुलासाठी मुद्दाम सांगते : वाद्यसंगीतात भाग घ्यायचा तर आधीपासून तयारी असलीच पाहिजे असं नाही, सूर चिरका लागला तरी वाजवायचा हक्क प्रत्येकाला आहे, असा एक उपक्रम काढला. नावच ‘राइट टू स्क्वीक’.

यावरून पालकांत उभी फूट पडली. त्या सुमारास डिस्ट्रिक्टमधली ६५ टक्के मुलं आशियाई कुटुंबांतली होती, २००७ साली ती ४४ टक्के होती. बरेच गोरे पालक सुपरिटेंडंटच्या बाजूने उभे राहिले. बरेच चिनी आणि भारतीय पालक विरोधात, की अभ्यासक्रम पातळ करताय, आमच्या कष्टाळू मुलांना मागे खेचताय. न्यूयॉर्क टाइम्सने त्यावर मोठी बातमी केली आणि देशभर चर्चा झाली.

त्या भारतीय पालकांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांच्या आयुष्यात बारावीच्या एका निकालाने सगळं ठरवलं, ज्यांना परक्या देशात नोकरी गेली तर व्हिसाही जाईल ही धाकधूक रोजची आहे, त्यांना मार्क म्हणजे पायाखालची जमीन वाटते. हे प्रेमच आहे. पण त्या चाळीस मुलांच्या घरीही प्रेमच असेल, हे मला विसरता येत नाही. तुमच्या यजमानांना मी एवढंच सांगेन, की हुशार मुलांच्या संगतीत बुजरं मूल कधी फुलतं आणि कधी मिटतं, आणि यातलं काय होणार हे घरी संध्याकाळी पहिला प्रश्न काय विचारला जातो यावर फार अवलंबून असतं. किती मार्क पडले, आणि शर्माच्या मुलाला किती पडले, हा पहिला प्रश्न असेल तर मुलगा दबेल. तो वेस्ट विंडसरला दबेल, ईस्ट विंडसरला दबेल आणि बाणेरलाही दबेल.

आता मुलाचं नीट बघू.

तो सप्टेंबरमध्ये आठवीत जाईल. हे तुमचं नशीब समजा. त्या डिस्ट्रिक्टमध्ये सहावी ते आठवी मिडल स्कूल आणि नववी ते बारावी हायस्कूल. कॉलेजं जे प्रगतिपुस्तक बघतात ते नववीपासून सुरू होतं. म्हणजे भाषा कानावर बसायला, वर्गावर्गांतून फिरायची सवय व्हायला, डब्याच्या वेळी कुणाशेजारी बसायचं हे कळायला त्याला एक अख्खं वर्ष मिळतंय. हे वर्ष त्याला मोकळं द्या. पहिल्या सहा महिन्यांत कुठलाही क्लास लावू नका. शेजारची प्रत्येक आई तुम्हाला विचारेल, ‘कुठे घातलंय?’ तेव्हा हसून ‘अजून कुठेच नाही’ म्हणायची तयारी आत्तापासून करा. ते फार कठीण जातं, मला ठाऊक आहे.

गणिताचं थोडं समजावून सांगते, कारण सगळी चढाओढ तिथेच असते. तिथे गणित एकसंध नसतं : अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस अशा पायऱ्या असतात आणि एकाच इयत्तेतली मुलं वेगवेगळ्या पायरीवर असतात. नवीन मुलगा आला की त्याची आधीची प्रगतिपुस्तकं बघून किंवा चाचणी घेऊन शाळा त्याला एका पायरीवर बसवते. आपल्याकडून गेलेले पालक इथे हटकून भांडतात, की आमचा मुलगा पुढच्या वर्गात पाहिजे. तुम्ही भांडू नका. शाळा जी पायरी देईल तिथे त्याला बसू दे. आठवीत अल्जेब्रा वन झालं तर बारावीत कॅल्क्युलस येतं, नववीत झालं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस येतं, आणि त्यानेही उत्तम कॉलेजात जाता येतं. मध्यम मुलाला आपण गणितात बरे आहोत असं पहिल्यांदा वाटायला लावणारा वर्ग मिळाला तर त्याचं मोल पुढच्या पायरीपेक्षा जास्त आहे. शिवाय भाषेच्या अडचणीपायी मुलं गणितातही मागे पडल्यासारखी दिसतात, कारण तिथली गणितं लांबलचक वाक्यांत असतात. हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिक्षकांशी बोलून तपासा.

प्रत्येक मुलाला तिथे एक कौन्सेलर नेमून दिलेले असतात. विषय निवडण्यापासून मन उदास असण्यापर्यंत सगळं त्यांच्याशी बोलता येतं. आपल्याकडचे पालक त्यांच्याकडे फक्त मार्क कमी पडले की जातात. तुम्ही पहिल्याच महिन्यात वेळ मागून घ्या आणि सांगा की आमचा मुलगा अबोल आहे, ताल मात्र त्याच्या हाडात आहे. बँडमधल्या पर्कशन, म्हणजे तालवाद्यांच्या, विभागात त्याला घेता येईल का, विचारा. ज्या शाळेने चिरक्या सुराला हक्क दिला, तिथे तबल्याच्या बोटांना ड्रमवर नक्की जागा मिळेल. आणि तबल्याची जोडी सामानात टाकाच. वजन होतं म्हणून ठेवून जाऊ नका.

मुलीची काळजी करू नका. तिसरीतली मुलं दिवाळीपर्यंत तिथली होऊन जातात. (या डिस्ट्रिक्टला अलीकडच्या वर्षांत दिवाळीची सुट्टीही असते.) तिच्याबाबत उलटं भय आहे, मराठी जाईल. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (तिकडच्या मराठी मंडळांची ही संघटना) अभ्यासक्रमाच्या मराठी शाळा अमेरिकेत ठिकठिकाणी रविवारी किंवा शनिवारी भरतात, न्यू जर्सीतही भरतात. तिला पहिल्याच वर्षी तिथे घाला. मुलालाही. न्यू जर्सीत हायस्कूल संपताना दोन भाषा येणाऱ्या मुलांना ‘सील ऑफ बायलिटरसी’ हा सन्मान मिळतो आणि मराठीची चाचणीही उपलब्ध आहे. कौन्सेलरना विचारून ठेवा.

घर शोधताना एक जपा. टपालाच्या पत्त्यात ‘प्रिन्स्टन’ लिहिलेलं असलं म्हणजे घर प्रिन्स्टनच्या शाळांच्या हद्दीत असतं असं नाही. ०८५४० हा पिनकोड चार-पाच टाउनशिपमध्ये पसरलेला आहे. प्रिन्स्टन जंक्शन पत्ता असेल तर ते वेस्ट विंडसर. दलाल काय सांगतो यावर जाऊ नका, करार करण्याआधी पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला देऊन दोन्ही मुलांच्या शाळा कुठल्या, हायस्कूल नॉर्थ की साउथ, हे लेखी विचारा. घर शाळेपासून दोन मैलांच्या पुढे असेल तर पिवळी बस कायद्याने मिळते, हायस्कूलला ही मर्यादा अडीच मैल आहे.

निघण्याआधी पुण्यात करायची कामं थोडी आहेत पण ती विसरली की प्रवेश अडतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं शिक्क्यानिशी घ्या. लसींचं कार्ड बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, तारखांसकट लिहून घ्या. मोठ्याला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची) आणि मेनिन्जायटिसची लस लागेल, आपल्याकडे ती बऱ्याच मुलांना दिलेली नसते, इथेच देऊन टाका. क्षयाची चाचणी मागितली तर घाबरू नका. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते. रक्ताची चाचणी करता येते, तीच मागा.

आणि आता निर्णय, कारण तुम्ही तो विचारलाय. माझं मत, प्लेन्सबरोत भाड्याने घ्या. दोन बेडरूमचंच घ्या, गर्दी होईल. ईस्ट विंडसरच्या शाळांबद्दल मला काही वाकडं म्हणायचं नाही, तिथे गेलात तरी मुलं नीट शिकतील. पण ऑफिस जवळ पडेल, नवरा संध्याकाळी वेळेत घरी येईल, तुम्हाला गाडी चालवता येईपर्यंत चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बोलायला माणसं असतील. पहिल्या वर्षी या गोष्टी रेटिंगपेक्षा जास्त कामाला येतात. शिवाय ज्या डिस्ट्रिक्टने आपल्या मुलांचं दुखणं सोळा पानं लिहून चव्हाट्यावर मांडलं, त्याच्यावर माझा थोडा जास्त विश्वास आहे.

पण करार एकाच वर्षाचा करा आणि घर विकत घ्यायच्या गोष्टी दिरांनी काढल्या तरी वर्षभर थांबा. शिक्षण मंडळाच्या बैठका जाहीर असतात. नऊ निवडून आलेली माणसं बसतात आणि पालकांना बोलायला वेळ देतात. तुम्हाला मत देता येणार नाही, पण बोलता येतं. एकदोनदा नुसत्या ऐकायला जाऊन बसा, रेटिंगमध्ये न दिसणारं बरंच तिथे कळेल.

नवऱ्याशी निघण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या, शक्यतो मुलासमोर : आठवीचं वर्ष घरात मार्कांची तुलना नाही. आठवीच्या हिवाळ्यात हायस्कूलचे विषय निवडायचा कागद घरी येतो. तोवर मुलाचे एक-दोन मित्र झाले असतील, तो कुठल्या पायरीवर रमलाय हेही दिसलं असेल. तो कागद आधी त्याला भरू द्या, मग तुम्ही दोघं बघा. अडलात तर मला लिहा.